अनादि पुत्र

सुमनताई अमोलिक यांनी तसबीर दोन्ही हातांनी उचलली, दुकानाच्या फळीपुढे येऊन उन्हात धरली, आणि त्यांच्या मुद्रेवर उमटू लागलेले समाधान अर्ध्यावरच मावळले.

"काम नामी झालंय, कान्होजीराव," त्या म्हणाल्या. "पण हा हार काढा."

कान्होजी भापकर काच पुसण्याचे फडके हातात धरून तसाच उभा राहिला. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातील त्याच्या तसबिरींच्या दुकानाला वडिलांपासून चालत आलेला एक रिवाज होता. देवादिकांच्या चित्राला सोनेरी कलाबतूची झालर, आणि इहलोक सोडून गेलेल्या माणसाच्या चित्राला चंदनाच्या सालींचा हार. गेलेला जीव तरुण असेल तर तो हार दुकानाकडून, न सांगता, न विचारता. या चित्रापुढे मात्र त्याची बुद्धी कुंठित झाली होती. मेघावर पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध पुरुष बसलेला. त्याच्या शेजारी तरुण पुत्र, हाती क्रूस, तळव्यांवर खिळ्यांचे व्रण. आणि दोघांच्या मस्तकांवर पंख पसरलेले एक श्वेत कबूतर. चित्र देवाचे म्हणावे, तर त्यात एक मेलेला मुलगा होता. मेलेल्याचे म्हणावे, तर तो देवाच्या मांडीला मांडी लावून बसला होता. अखेर कान्होजीने आपल्या परीने उभयतांचा मान राखला. चौकटीला झालर लावली, आणि वरच्या पट्टीत दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून त्या मुलाच्या अंगावर येईल असा हार सोडला.

"काढतो, ताई. पण चुकलं काय तेवढं सांगून ठेवा. मुलगा गेला होता ना? मी तर बिलकुल मान देऊनच लावलाय."

"मान दिलात ते दिसतंय की मला. गेला होता, खोटं नाही. पण तिसऱ्या दिवशी उठला तो. जो गेलेला राहिलाच नाही, त्याला हार कसा घालायचा?"

सुमनताई मूळच्या नगरकडच्या, कॅथलिक घराण्यातल्या. ऐन तारुण्यात परिचारिकेची नोकरी धरून त्या ग्वाल्हेरला आल्या, इथेच निवृत्त झाल्या, आणि आता शहरालगतच्या मुरारला एकट्या राहत होत्या. पोटभर मराठी बोलायला मिळते म्हणून कामापेक्षा अंमळ अधिकच वेळा त्यांचे पाय या दुकानाकडे वळत. चित्र त्यांच्या आईच्या घरातले होते. जुनी चौकट वाळवीने खाऊन टाकली, चित्र तेवढे वाचले.

कान्होजीने चित्राकडे पुन्हा निरखून पाहिले. तिघे आणि तरी एक देव, हे त्याने सुमनताईंच्या तोंडून मागे एकदा ऐकले होते.

"म्हणजे आमचे दत्तच की," तो म्हणाला.

सुमनताईंनी नकारार्थी मान हलवली. गावाकडच्या शेजारणीही आईला हेच म्हणत आणि आई दिवसभर फुरंगटून बसे, असे त्यांनी सांगितले. मग पदर सावरून त्या स्टुलावर बसल्या आणि लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले होते तसे समजावू लागल्या. याला पवित्र त्रैक्य म्हणतात. हे तीन देव नव्हेत, देव एकच. तिघे एकत्र येऊन एक झाले असेही नव्हे, आणि एकानेच तीन सोंगे घेतली असेही नव्हे. पिता तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे. तरी तिघांचे देवपण एकच आणि अखंड. चंद्रसूर्य नव्हते, काळ म्हणून मोजायला काही नव्हते, तेव्हाही हे तिघे असेच होते, आणि सारे विझून गेल्यावरही असेच असतील.

"आणि हे कबूतर?" कान्होजीने विचारले. "आमच्यात बाप-लेकाच्या मधे पक्षी येतो तो कावळा. तोही पिंडावर."

सुमनताईंनी हसू लपवायला पदर तोंडाशी नेला. "काय बोलता हो तुम्ही. तो पवित्र आत्मा. बापाचं लेकावर अन् लेकाचं बापावर जे प्रेम, तोच तो. तोही देवच."

"पण ताई, बाप आधी असेल ना? बाप आधी, मग लेक. हे तर सगळ्यांना मालूम आहे."

"आपल्यात. तिथं नाही. पुत्र नव्हता असा काळच नाही तिथं. तो बाप पुढं कधीतरी बाप झाला, असं नाही, मुळातूनच बाप. अन् लेकच नसता, तर त्याला बाप म्हणायचं तरी कशावरून?"

कान्होजीने चिमट्याने चुका उपसल्या. लाकडात दोन छिद्रे राहिली. ती भरून, रंग देऊन ठेवतो, पुढल्या आठवड्यात न्या, असे त्याने सांगितले, आणि सुमनताई गेल्यावर बराच वेळ तो हार हातात घेऊन बसला.

कान्होजीलाही एक पुत्र होता, किंवा आहे. याच दोन शब्दांच्या मधल्या फटीत त्याची आणि त्याची पत्नी कुसुमची बारा वर्षे सरली होती.

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी हेमेंद्र दुकानात येऊन उभा राहिला होता. नापास झालो, म्हणाला. कान्होजी तेव्हा काच कापत होता. काचेवर हिरा फिरत असताना मान वर करता येत नाही. केली की रेघ चुकते आणि काच वाया जाते. रेघ पुरी करून त्याने वर पाहिले, तेव्हा दार मोकळे होते. मित्राकडे गेला असेल, संध्याकाळी येईल, असे म्हणून त्याने काच चौकटीत बसवली. त्या दिवसापासून हेमेंद्र कोणाला दिसला नाही. पोलीस झाले, स्टेशने झाली, नवस झाले. आग्र्याला, झाशीला, जिथे जिथे बेवारस प्रेत सापडल्याची खबर येई तिथे कान्होजी थोरल्या भावाबरोबर जाई, चादर वर करून पाही, आणि तो नव्हे म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकून तसाच रिकामा परत येई. ना वार्ता, ना देह.

थोरले भाऊ महिपतराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन हरिशंकरपुरमात घर बांधून राहिले होते. त्यांनी यंदा विषय काढला होता. बारा वर्षे ज्याचा पत्ता नाही, त्याच्यासाठी शास्त्राने सोय सांगितली आहे. पळसाच्या काड्यांचा मनुष्याकार पुतळा करायचा, त्यालाच देह मानून अग्नी द्यायचा, म्हणजे जीव मोकळा होतो. पितृपक्षाच्या आत उरकले तर यंदाच त्याचे नाव पितरांत घेता येईल. त्यांच्या मुलीचे, गरिमाचे, लग्न दोनदा ठरून मोडले होते, आणि घराण्यात एक जीव अडकलेला आहे असे ज्योतिषाने सांगितले होते. पण एवढ्याचसाठी महिपतराव बोलत होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या चादरींखाली त्यांनीही वाकून पाहिले होते. आता त्यांच्या गुडघ्यांत बळ राहिले नव्हते, आणि आपल्या डोळ्यांदेखत हे एकदा मिटावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

कान्होजी मनातून तयार झाला होता. शोक त्याला उरला नव्हता, शीण तेवढा उरला होता. अडून बसली होती ती कुसुम. ज्याला पोटातून काढला त्याला काड्यांचा करून जाळू का, एवढेच ती म्हणे, आणि भाकरी उलटायला वळे.

त्या संध्याकाळी शिंदे की छावनीतल्या आपल्या दोन खोल्यांत जेवताना, सहज बोलावे तसे, कान्होजीने तिला हाराची गोष्ट सांगितली. दुकानातल्या गोष्टी तिने कैक वर्षांत विचारल्या नव्हत्या. आज तिने वाढता वाढता हात थांबवला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितले. पुत्र नव्हता असा काळ नाही. पिता मुळातूनच पिता. कुसुमने पळी पातेल्यात ठेवली.

"म्हणजे लेक नाही, तर बापही नाही."

"तसंच म्हणाल्या त्या."

"तुम्हाला गिऱ्हाइकं विचारतात ना, मुलं किती म्हणून? काय सांगता?"

कान्होजीने घास चावून गिळला. "सांगतो, एक आहे. बाहेर असतो."

कुसुमने त्याच्या पानात भात वाढला, त्याला हवा होता त्यापेक्षा जास्त.

त्या रात्री झोपण्यापूर्वी कान्होजीच्या मनात एक भय शिरले, जे बारा वर्षांत शिरले नव्हते. मुलगा गेला असेल, हे भय जुनेच होते. त्याच्याशी त्याचे सख्य झाले होते. हे नवे भय वेगळे होते. अग्नी दिला की आपण स्वतःच्या हाताने सांगून मोकळे होणार, लेक नाही. मग आपण कोण? निपुत्रिक म्हणतात तो माणूस? देवाच्या घरी बाप एक क्षणही बिनलेकाचा राहत नाही. आणि इथे आपल्याला तिथी-वार ठरवून बिनलेकाचे व्हायला सांगतात.

रविवारी महिपतराव भालचंद्रगुरुजींकडून मुहूर्त घेऊनच आले. रिक्षातून उतरून गुडघा दाबत त्यांनी बसकण घेतली, पाणी प्यायले, आणि दिवस सांगितला. कान्होजी म्हणाला, "दादा, मी नाही करत."

"परवापर्यंत तर हो म्हणत होतास. कोणी कान भरले?"

"कोणी नाही. विधी केला की मी बाप राहत नाही."

"हे काय नवीन? माझी दोन पाळण्यात गेली. मी काय बाप नाही?"

"तुम्हाला गरिमा आहे."

रागवावे की जवळ घ्यावे, हे महिपतरावांना ठरवता येत नव्हते, आणि अशा वेळी सर्व थोरले भाऊ करतात तेच त्यांनी केले.

"कान्हू, तू लोकांचे फोटो मढवता मढवता स्वतःच फोटो झालास. बारा वर्षं भिंतीला टेकून आहेस. ना हसणं, ना रडणं. वर तुझी बायको काच पुसत बसलीये. अरे, तो पोरगा परेशान असेल तिकडं. त्याला तरी सोड."

कुसुम आतल्या दाराशी उभी होती. एरवी तिने दिराला चार शब्द सुनावले असते. आज महिपतराव निघाले तेव्हा तिने त्यांना जिना उतरायला हात दिला.

सुमनताई तसबीर न्यायला येणार होत्या त्या दिवशी, कान्होजी चपला घालत असताना, कुसुमही लुगडे बदलून पुढे आली. मला ते चित्र बघायचंय, म्हणाली. हेमेंद्र ज्या दाराशी येऊन उभा राहिला होता ते दार तिने त्यानंतर ओलांडले नव्हते. आजही ती उंबऱ्यापाशी क्षणभर थबकली, आणि मग डावा पाय आधी पडला की उजवा, याची शुद्ध न ठेवता आत आली.

कान्होजीने छिद्रे भुसा आणि सरसाने अशी भरली होती की बोट फिरवले तरी कळू नये. सुमनताईंनी पाहिले, पसंत केले. कान्होजीने पत्नीची ओळख करून दिली. दोघी बायका स्टुलांवर समोरासमोर बसल्या; मधे ती तसबीर.

"ताई, एक विचारू?" कुसुम म्हणाली. "हा मुलगा मेला, त्याला पुरलं, आणि तो उठला, असं हे सांगत होते. मधले जे दिवस तो मातीत होता, तेव्हाही हा बाप बापच होता का?"

"होता," सुमनताई म्हणाल्या. "एक पळभरही नव्हता असं झालं नाही. आम्हाला असंच शिकवलंय, अन् मी ते मानते."

"मग आमचंही तसंच ना?"

उभ्या आयुष्यात वॉर्डातल्या कितीतरी आयांना सुमनताईंनी "होईल बरं" म्हणून सांगितले होते, बरे होणार नाही हे ठाऊक असताना. या बाईलाही हो म्हणणे सोपे होते. ती त्या एका शब्दासाठी इतक्या वर्षांत प्रथमच या दुकानात आली होती, हेही त्यांना दिसत होते. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"नाही, बाई," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगायची मी. ते देवाचं आहे. त्या लेकाला आरंभ नाही, म्हणून त्या बापाच्या बापपणालाही नाही. आपल्या लेकरांना आरंभ असतो. तुमचा जन्मला त्या दिवशी तुम्ही आई झालात. आदल्या दिवशी नव्हतात."

"आरंभ असतो, तर शेवटही असतोच."

"आम्ही म्हणतो, नसतो. पण तो देवाच्या हातात आहे, आपल्या नाही. आपण धरून ठेवलं म्हणून कोणी राहत नाही, अन् आपण सोडलं म्हणून कोणी जात नाही. एवढंच मला मालूम आहे, बाई. याच्यापुढं मलाही दिसत नाही."

कुसुमने चित्रावर बोट न टेकवता त्या वृद्ध पुरुषाच्या मुखावरून हवेतच फिरवले.

"हा बाप लेकाकडे बघत नाहीये," ती म्हणाली.

कान्होजी काच पुसत होता. त्याने मान खाली घातली.

"नाही," सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "समोर बघतोय. जो कोणी दारात उभा असेल त्याच्याकडे."

परतीच्या वाटेवर, बाजाराची गर्दी मागे पडल्यावर, छावनीचा चढ लागला तिथे, कुसुम दम खायला थांबली आणि म्हणाली, "करून टाका."

कान्होजीला वाटले आपण नीट ऐकले नाही. "तूच तर नको म्हणत होतीस."

"होती म्हणत. त्याची सुरुवात माझ्या समोर झाली ना, म्हणून मी बसून होती, की शेवटही कोणी समोर आणून दाखवेल. तुम्ही तिथं आग्र्याला चादर वर करायचे, मी इथं दार बघायची. कोणी दाखवत नाही. त्या ताई खरं बोलल्या. दुसरं कोणी असतं तर हो म्हणालं असतं."

"आणि मी?" कान्होजीने विचारले. एवढेच त्याला विचारता आले.

कुसुमने त्याच्याकडे पाहिले. "चला," ती म्हणाली. "आणि मी येणार तिथं. बायका जात नाहीत हे मला नका सांगू."

विधीच्या दिवशी आभाळ भरून होते, पण पडत नव्हते. लष्कर भागाच्या टोकाला स्मशानाची जी मोकळी जागा आहे, तिथे पिंपळाखाली भालचंद्रगुरुजींनी कांबळे अंथरले होते. गुरुजी वृद्ध आणि मृदू स्वभावाचे. बाईमाणूस आलेले पाहून त्यांनी एकदा महिपतरावांकडे पाहिले, महिपतरावांनी डोळे मिटून उघडले, आणि गुरुजी पुढच्या तयारीला लागले. रानातून आणलेल्या पळसाच्या काड्यांची मोळी शेजारी पडली होती. त्यांचा ओलसर, तुरट वास येत होता.

संकल्प सुरू झाला. गोत्र सांगून झाले. नावाच्या ठिकाणी कान्होजी थांबला. त्या नावामागे जो शब्द लावायचा असतो तो, जिवंत माणसाच्या मागे कधी लावत नाहीत तो, त्याच्या तोंडून निघेना. गुरुजींनी वाट पाहिली. मग त्यांनी तो 'प्रेत' शब्द स्वतः, अगदी हलक्या आवाजात उच्चारला, आणि कान्होजीला नुसते पळीभर पाणी सोडायची खूण केली. पाणी त्याने सोडले. ताम्हणाबाहेर थेंब गेला नाही.

त्यानंतर गुरुजी काड्या मांडू लागले. मस्तकाच्या जागी नारळ ठेवला. खांदे झाले, बाहू झाले, छातीच्या काड्या दर्भाने बांधल्या. मोळीतून काड्या उचलता उचलता, पुढ्यातल्या कामावरची नजर न काढता, त्यांनी विचारले, "ऊँचाई किती होती मुलाची?"

कान्होजीने हात उचलला. तो आपसूकच त्याच्या स्वतःच्या कानापाशी जाऊन थांबला. त्या दुपारी दारात उभा होता तेव्हा हेमेंद्र एवढाच होता. गुरुजींनी ते माप पाहून पायांच्या काड्या हातात घेतल्या. पण कान्होजीचा हात खाली येईना. त्या दुपारीच जो संपला असेल, तो इथवरच. आणि जो त्यानंतर कुठेतरी, एखादे वर्ष, दोन वर्षे, कोणाच्या दुकानी, कोणाच्या ओसरीवर जगला असेल, तो? हात कानापाशी तसाच अधांतरी राहिला. महिपतराव काहीतरी बोलायला पुढे सरकले.

"भापकरांची मुलं उशिरा वाढतात," कुसुम म्हणाली. ती कोणाकडेच पाहत नव्हती. काड्यांकडे पाहत होती. "सोळानंतर."

कान्होजीचा हात हळूहळू वर गेला. कान मागे पडला, कपाळ मागे पडले. डोक्याच्या चार बोटे वर, जिथे काहीच नव्हते तिथे, तो येऊन स्थिर झाला.

भालचंद्रगुरुजींनी त्या हाताकडे पाहिले, मग त्या दोघांकडे. अशा शंकेला पोथीत स्थान नव्हते. त्यांनी मोळीतून आणखी काही काड्या निवडून घेतल्या आणि पायांच्या बाजूने ते पुतळा लांबवू लागले.